सबमिट म्हणजे काय? अर्थ, वापर आणि अरबी भाषांतर

सबमिट हा शब्द आपण रोज बघतो. परीक्षेचा फॉर्म, गुगल फॉर्म, नोकरीचा अर्ज, सगळीकडे शेवटी तेच बटण. मग त्यावर वेगळा लेख कशाला? कारण या एका शब्दाने माझं एक वर्षाचं शिष्यवृत्तीचं नुकसान झालंय.

डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मोबाईलवरून फॉर्म भरला, कागदपत्रं अपलोड केली आणि ‘सेव्ह’ दाबलं. हिरव्या रंगात ‘यशस्वीरीत्या जतन झाले’ असं आलं. मी खुश. महिन्याभराने स्टेटस बघितलं तर तिथे ‘ड्राफ्ट’. मुदत तर संपून गेलेली. त्या वर्षीची फी बाबांनी पतपेढीतून कर्ज काढून भरली. तेव्हापासून हा शब्द मी कधीच विसरलो नाही!

सबमिटचा मूळ अर्थ

हे इंग्रजी क्रियापद लॅटिनमधून आलं. ‘सब’ म्हणजे खाली आणि ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे. यातून दोन अर्थ निघाले. एक, दुसऱ्यापुढे नमणे, शरण जाणे. कुस्तीच्या किंवा एमएमएच्या सामन्यात खेळाडू हाताने टॅप करून हार मानतो, त्याला ‘सबमिशन’ म्हणतात ते याच अर्थाने. दुसरा अर्थ म्हणजे विचारासाठी किंवा निर्णयासाठी एखादी गोष्ट सादर करणे. आपले फॉर्म, प्रोजेक्ट आणि इंजिनिअरिंगवाल्यांची रात्र रात्र जागून चालणारी ‘सबमिशनं’ या दुसऱ्या गटातली. (तिथेही शेवटी सरांपुढे शरणच जावं लागतं, हा भाग वेगळा.)

वापरताना एवढं लक्षात ठेवा: ज्याच्याकडे अर्ज द्यायचा त्याच्याआधी ‘टू’ येतो. ‘आय सबमिटेड द फॉर्म टू द ऑफिस’ हे बरोबर. आपल्याकडे मराठीच्या सवयीने ‘इन द ऑफिस’ म्हटलं जातं. आणि भूतकाळी रूप लिहिताना शेवटचा ‘टी’ दोनदा लिहायचा.

सेव्ह आणि सबमिट यात फरक काय?

सेव्ह केलं की तुमची माहिती साठवली जाते, पण ती तुमचीच राहते. उद्या उघडा, बदला, खोडा. समोरच्या अधिकाऱ्याच्या यादीत तो अर्ज आलेलाच नसतो. सबमिट केल्यावर अर्ज त्यांच्या हातात जातो. बहुतेक ठिकाणी मग तो लॉक होतो, अर्ज क्रमांक मिळतो, मेसेज किंवा ईमेल येतो. अर्ज क्रमांक किंवा पोच दिसली नाही तर काम झालं असं समजू नका, स्टेटस उघडून बघा.

दुसरी भानगड म्हणजे नेट स्लो असताना बटण दोन-तीनदा दाबणं. किंवा सबमिट झाल्यावर पेज रिफ्रेश करणं. तेव्हा ब्राउझर विचारतो, फॉर्म पुन्हा पाठवायचा का? घाईत ‘हो’ म्हणालात तर तीच माहिती परत जाते. पैसे भरायचं पेज असेल तर काय होईल ते सांगायला नको.

अरबीत सबमिटला काय म्हणतात?

हा प्रश्न मला माझ्या चुलतभावामुळे पडला. तो मस्कतला एसी दुरुस्तीचं काम करतो. एका नव्या नोकरीचा ऑनलाइन अर्ज भरला होता, पेज अरबीत. उत्तर येईना म्हणून त्याने स्क्रीनशॉट पाठवला. “दादा, दोनदा भरला रे, तरी काहीच नाही.”

खाली तीन बटणं होती. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे पेजची मांडणीही आरशात बघितल्यासारखी उलटी असते. भाऊ सवयीच्या जागेवरचं बटण दाबत होता. मी गुगल लेन्स लावलं. एक ‘इल्गा’, म्हणजे रद्द. दुसरं ‘हिफ्ज क-मुसव्वदा’. तिसरं ‘इरसाल’.

मुसव्वदा! हा तर आपला मसुदा. मूळ धातूचा अर्थ काळं करणे, म्हणजे शाईने काळा केलेला कच्चा कागद. मराठीत हा शब्द फारसीमार्गे आला आणि आजही सरकारी कागदात ठाण मांडून बसलाय. भाऊ दोन्ही वेळा ‘मसुदा म्हणून जतन करा’ दाबत होता. अगदी माझीच चूक!

आणि ‘इरसाल’ म्हणजे पाठवणे. गुगल फॉर्मच्या अरबी रूपात सबमिटच्या जागी हाच शब्द असतो. आपण ‘इरसाल कार्टं’ म्हणतो तो अर्थ अगदी वेगळा, पण जुन्या मराठी दप्तरात वसुलीची रक्कम खजिन्यात पाठवण्याला इरसालच म्हणत. मराठीत बटणावर ‘पाठवा’, ‘सादर करा’ अशी आज्ञा असते. अरबीत बहुतेक वेळा क्रियेचं नाव असतं, ‘पाठवणे’.

सरकारी अर्जात मात्र ‘तकदीम’ हा शब्द जास्त दिसेल. ‘तकदीम अत्-तलब’ म्हणजे अर्ज सादर करणे. क्रियापद ‘कद्दम’, म्हणजे त्याने सादर केलं, शब्दशः पुढे ठेवलं. याच धातूतला ‘मुकद्दम’ म्हणजे पुढे केलेला माणूस. आपला मुकादम तो हाच.

शरण जाणे या अर्थासाठी अरबीत पूर्ण वेगळं क्रियापद आहे, ‘खदअ’. म्हणून भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये नुसतं ‘सबमिट’ टाकू नका. अ‍ॅपला संदर्भ कळत नाही आणि अर्जाऐवजी शरणागतीचा शब्द येऊ शकतो. ‘सबमिट द अ‍ॅप्लिकेशन’ असं पूर्ण टाका.

भावाने त्याच रात्री ‘इरसाल’ दाबलं. दोन मिनिटांत अर्ज क्रमांकाचा मेसेज आला, तो त्याने मला फॉरवर्ड केला. नोकरीचं अजून कळलेलं नाही.