बियाण्याची झोप कुणी मोडली?

१/ २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातून सोयाबीन न उगवल्याच्या असंख्य तक्रारी आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. वाशीमसारख्या सोयाबीनप्रधान जिल्ह्यात हा घरादाराचा प्रश्न होता. त्याची मुळे मात्र काही हजार वर्षे मागे जातात. त्यासाठी हा धागा.

२/ रानटी बी सहजी उगवत नाही. तिचे कठीण कवच पाणी आत शिरू देत नाही. ऊन-गारव्याचे फेरे सोसल्यावरच ते सैल होते. पहिल्याच पावसात सगळे उगवून पुढच्या उघडिपीत करपू नये, म्हणून ही तजवीज. हीच सुप्तावस्था.

३/ पूर्व आशियात सोयाबीन माणसाळले, तेव्हा एकदम आणि लवकर उगवणारे दाणेच पिढ्यान्‌पिढ्या पुढे पेरले गेले. या नकळत झालेल्या निवडीत कवच मऊ झाले, झोप संपली.

४/ तणांची झोप मात्र शाबूत राहिली. विल्यम बील यांनी १८७९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथे बियांच्या २० बाटल्या पुरल्या. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतील काही बिया उगवल्या!

५/ १९५२ मध्ये अमेरिकेतीलच बेल्ट्सव्हिलच्या संशोधकांनी लेट्यूसच्या बियांवर दाखविले की लाल प्रकाश बी जागवितो, दूर-लाल प्रकाश तिला पुन्हा निजवितो. वखरपाळीनंतर तण का उफाळते, याचे एक कारण हेच: माती उलथताना पुरलेल्या बियांना क्षणभर उजेड मिळतो.

६/ सोयाबीनला उगवण्यासाठी उजेड लागत नाही; ऊब, ओल आणि अभंग कवच लागते. पण ऑक्टोबरात काढलेल्या बियाण्याला जूनपर्यंत वऱ्हाडचा ४० अंशांपलीकडचा उन्हाळा काढावा लागतो. उष्ण-दमट साठवणुकीत उगवणशक्ती झपाट्याने घटते. पोती आदळली की कवच तडकते. त्यातच २०१९ मध्ये ऐन काढणीत अवकाळी पावसाने पीक भिजले होते.

७/ ज्वारीच्या काळात बियाण्याची कणसे निवडून निराळी राखीत. पेवातली ज्वारी खाण्यासाठी असे. ती राखण पुढे बाजाराकडे आणि १९६६ च्या बियाणे अधिनियमाकडे गेली. प्रमाणित सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के मानली आहे. म्हणजे नियमात बसणाऱ्या पिशवीतलेही १०० पैकी ३० दाणे न उगवू शकतात.

८/ म्हणून पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून उगवण मोजणे आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबणे, हे दोन सल्ले आजही दिले जातात. योग्य वेळेची वाट पाहण्याचे जे काम रानटी बी स्वतः करीत असे, ते आता शेतकऱ्याच्या शिरावर आहे.