नारिंगासाठी बांधलेलं घर

उष्ण प्रदेशातलं झाड हिवाळ्यापुरतं घरात घ्यायची रीत युरोपात रुजवली ती मुख्यतः नारिंगानं. लिंबूवर्गाचं माहेर हिमालयाच्या पायथ्याचं. तिथून पश्चिमेकडे सरकत आंबट नारिंग अरबांबरोबर सिसिली आणि स्पेनमध्ये पोचलं. आल्प्सच्या उत्तरेकडच्या सरदार-राजांना त्याचा मोह पडला, पण तिथला बर्फ त्याला सोसणारा नव्हता.

सुरुवातीला झाड जमिनीतच असे आणि घर त्याच्याभोवती उभं राही. इंग्लंडमधल्या बेडिंग्टन इथं सर फ्रान्सिस कॅर्यू यांच्या बागेतल्या नारिंगांवर दर हिवाळ्यात लाकडी छप्पर चढे आणि वसंतात उतरे. जर्मनीत हायडलबर्गलाही अशीच सोय होती. बेडिंग्टनची झाडं 1739-40 च्या कडाक्याच्या थंडीत गेली.

दुसरा मार्ग झाडच हलवण्याचा, आणि तोच टिकला. त्याचं सर्वांत भव्य रूप व्हर्सायमध्ये दिसतं. चौदाव्या लुईनं 1661 मध्ये आपला अर्थमंत्री फुके याला कैद केलं आणि त्याच्या बागेतली नारिंगाची झाडं स्वतःकडे आणवली. पुढे 1684 ते 1686 या काळात वास्तुविशारद आर्दुएं-मान्सार यानं त्यांच्यासाठी नवं दालन बांधलं. मधला भाग दीडशे मीटरहून लांब, भिंती चार-पाच मीटर जाड, दुहेरी खिडक्या दक्षिणेला. इमारत उंच गच्चीच्या पोटात असल्यामुळे तिन्ही बाजूंनी मातीची ऊब मिळते. बाहेर पाणी गोठत असतानाही आतला पारा सहसा 5 अंशांखाली उतरत नाही. नारिंगाला हिवाळ्यात एवढंच हवं असतं. त्याला तेव्हा वाढायचं नसतं, तगायचं असतं. हे ओळखून बांधलेली ही वास्तू मला राजवाड्यातल्या आरसेमहालापेक्षा मोठी वाटते.

झाडं चौकोनी लाकडी पेट्यांत असतात. पेटीच्या बाजू उघडता येतात, त्यामुळे झाड न उपटता मुळं छाटता येतात आणि माती बदलता येते. आजही मे महिन्यात या पेट्या बाहेर येतात आणि ऑक्टोबरमध्ये परत आत जातात.

शेकोटीचा प्रश्न मात्र बराच काळ सुटला नव्हता. आत जाळ केला की हवा बिघडे, पानं करपत. इंग्लंडच्या जॉन एव्हलिननं 1691 मध्ये भट्टी भिंतीबाहेर ठेवून नळ्यांतून तापलेली ताजी हवा आत सोडण्याची योजना मांडली. काचेचं छप्पर सर्रास व्हायला आणखी दीड शतक लागलं; ब्रिटननं काचेवरचा कर 1845 मध्ये रद्द केला आणि क्यू उद्यानातलं ताडगृह 1848 मध्ये पुरं झालं.

आज शिकागो किंवा टोरांटोतलं मराठी घर ऑक्टोबरात कढीपत्त्याची कुंडी आत घेतं, तेव्हा हीच रीत चालवत असतं. त्या घरांना एक विनंती: कुंडी हीटरजवळ ठेवू नका. दक्षिणेकडच्या खिडकीपाशी, गार पण न गोठणाऱ्या खोलीत ठेवा. वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका आणि पानं गळली म्हणून झाड फेकू नका. फांदी नखानं खरवडून आत हिरवी दिसली, तर मार्चपर्यंत थांबा.