वातायन ते एक्झॉस्ट फॅन : पेठेतील वाफेचा इतिहास

खिडकीला भाषांनी डोळा म्हटले आहे. संस्कृतातील ‘गवाक्ष’ म्हणजे बैलाचा डोळा. इंग्रजी ‘विंडो’चे मूळ जुन्या नॉर्स भाषेतील ‘विंदाउगा’, म्हणजे वाऱ्याचा डोळा. ‘वातायन’ हा शब्द मात्र पाहण्याचा विषय काढीत नाही. तो वाऱ्याच्या जाण्यायेण्याची वाट एवढेच सांगतो. न्हाणीघरातील वाफ आणि ओले कपडे यांचा इतिहास पाहताना आम्हांला हाच शब्द अधिक उपयोगी वाटतो.

नारायणराव पेशव्यांचे नाव धारण करणाऱ्या नारायण पेठेतील जुन्या वाड्यात ही वाट चौकातून जात असे. तापलेली हवा उघड्या चौकातून वर निघे आणि तिच्या जागी सोप्यातून, बोळातून गार हवा आत येई. न्हाणी बहुधा मागच्या अंगाला. बंबाला त्याचे स्वतःचे धुराडे. धुणे वाळत घालण्याची दांडी आढ्याजवळ, काठीनेच पोचता येईल इतकी उंच. बाष्पाचा रेणुभार 18, तर कोरड्या हवेचा सरासरी 29 च्या आसपास. दमट हवा वर चढते हे त्या दांडीला रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होते.

तरीही वाड्याचे गोडवे गाताना आमची लेखणी अडखळते. चौकाची हवा माजघरापर्यंत पोचत नसे. चुलीचा धूर, आषाढातले न वाळणारे सोवळे, आणि खिडक्या लावून आत शेगडी ठेवलेली बाळंतिणीची खोली, हे सारे त्याच वाड्यात होते. शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर दुपटी सुकवत. निखाऱ्यांचा विषारी वायू त्याच खोलीत राही. हा धूर आणि ही ओल मुख्यत्वे स्त्रियांच्या वाट्याला आली, म्हणून वाड्याच्या आठवणी लिहिणाऱ्या पुरुषांच्या लेखनात ती सहसा उतरली नाही, असे आमचे मत आहे.

घरातील हवा सरकारी विषय झाली ती प्लेगमुळे. 1897 साली पुण्यात रँडच्या कारकिर्दीत गोऱ्या सोजिरांनी घरे झडली, सामान बाहेर काढले. 22 जून 1897 रोजी चापेकरांनी त्याला गोळ्या घातल्या. मुंबईत अंधाऱ्या घरांची कौले उतरवून आत ऊन सोडण्याचे प्रयोग झाले. 1898 साली तेथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा झाला, तोही कोंदट वस्तीच्या भीतीतूनच. गंमत अशी, की प्लेगचा जंतू यर्सँने 1894 मध्येच हाँगकाँगला शोधला होता आणि 1898 मध्ये सीमाँने उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवले. दोष हवेचा नव्हता. पण हवेला दोष देऊन केलेल्या नियमांनी पुढच्या घरांना खिडक्या मिळाल्या.

पुढे 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना, बिऱ्हाडे वाढत गेली, ओसरीच्या कोपऱ्यात पत्रा ठोकून मोऱ्या झाल्या. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंती पाण्यात बसल्या. त्या जागी कालांतराने सदनिका उभ्या राहिल्या. चौक गेला, त्याच्या जागी आला डक्ट, म्हणजे सांडपाण्याचे नळ, पारव्यांची घरटी आणि चारपाच न्हाणीघरांच्या झरोक्यांमधली ती अरुंद विहीर. मराठी कादंबरीत चौक पुष्कळदा भेटतो. डक्टाचे वर्णन आमच्या वाचनात क्वचितच आले आहे.

एक्झॉस्ट फॅन हा त्या हरवलेल्या चौकाचा विजेवर चालणारा वारस. पण पंखा हवा बाहेर ढकलतो, तेव्हा तेवढीच हवा आत यावी लागते. दाराखाली फट नसेल, तर पंखा नुसताच घरघरतो. डक्ट वरून झाकलेला असेल, तर खालच्या मजल्यावरची वाफ वरच्याच्या झरोक्यात शिरते. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल, तर प्रकरण जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि नुसता पंखा लावल्याने हवेच्या कमतरतेत गीझरच्या धुराड्यातला वायू उलटा आत ओढला जाऊ शकतो. असे मृत्यू वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावे लागतात. गीझर न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत लावणे हाच त्यावरचा खरा उपाय.

आता ड्रायरही आले आहेत. अमेरिकेतील मराठी घरांना त्यांची जुनी सवय आहे. तेथे ड्रायरची दमट हवा गुळगुळीत धातूच्या नळीने थेट घराबाहेर सोडतात आणि नळीतला कापसासारखा तंतू वेळोवेळी काढतात, कारण तो साचला की पेट घेतो. प्लास्टिकची चुणीदार नळी म्हणूनच वर्ज्य मानतात. पेठेतल्या सदनिकेत बाल्कनी काचांनी बंद करून तीत असे यंत्र ठेवले, तर पिळून काढलेल्या पाच किलो धुण्यातले अडीच-तीन लिटर पाणी घरातच फिरते आणि भिंतींवर बुरशी बनून उमटते. पाणी टाकीत गोळा करणारे ड्रायर मिळतात; त्यांना बाहेर नळी लागत नाही, ती टाकी मात्र रोज रिकामी करावी लागते. श्रावणात ऊन पडले, की अजूनही गॅलरीतल्या दोऱ्या आधी भरतात.