शहरी सायकलस्वारांची सुरक्षा
शहरी सायकलस्वारांची सुरक्षा त्यांच्या वर्तनाइतकीच रस्त्याची रचना, मोटारींचा वेग आणि सायकलस्वारांची संख्या यांवर अवलंबून असते. सिग्नल तोडणे, उलट दिशेने जाणे व रात्री दिव्याविना सायकल चालवणे ही जोखमीची वर्तने होत. लांबचा वळसा, मध्येच संपणारा सायकलमार्ग ही त्यांमागील कारणे असू शकतात. वळणाऱ्या अवजड वाहनाच्या चालकाला न दिसणाऱ्या भागात असलेल्या सायकलस्वाराला गंभीर धोका असतो. पीटर जेकबसन यांच्या २००३ मधील शोधनिबंधानुसार सायकलस्वारांची संख्या वाढते, तशी प्रत्येकाची जोखीम घटते. नेदरलँड्समध्ये रस्ते अपघातांतील बालमृत्यूंविरुद्ध १९७० च्या दशकात 'स्टॉप डे किंडरमोर्ट' (मुलांची हत्या थांबवा) हे आंदोलन झाले. पुढे तेथे स्वतंत्र सायकलमार्गांचे जाळे विस्तारले.