शिडाच्या होड्यांची शर्यत : धरणाच्या पाण्यात मार्क कसे टाकतात?

शिडाच्या होड्यांची शर्यत म्हटलं की समुद्र आठवतो. पण या शर्यती धरणाच्या आणि तलावाच्या पाण्यावरही होतात. हैदराबादच्या हुसेनसागरात राष्ट्रीय पातळीवरच्या शर्यती भरतात. पुण्याजवळ खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे कॅडेट शीड हाताळायला शिकतात. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवलं.

अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीचं मुळा (२६ टीएमसी) आणि अकोल्याचं भंडारदरा (११ टीएमसी) असे मोठे जलाशय आहेत. अशा पाण्यात शर्यतीचा मार्ग कसा आखतात, त्याची ही माहिती.

मार्क म्हणजे काय?

पाण्यावर चुन्याची रेघ मारता येत नाही. म्हणून हवा भरलेले केशरी किंवा पिवळे मोठे फुगे दोराला वजन बांधून पाण्यात सोडतात. यांनाच मार्क म्हणतात. होड्यांनी ठरलेल्या क्रमाने त्यांना वळसा घालायचा असतो. होडी मार्कला घासली, तर एक पूर्ण गिरकी घेऊन शिक्षा भोगावी लागते.

आधी वारा, मग मार्क

शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही, तिला नागमोडी जावं लागतं. त्यामुळे सगळी आखणी वाऱ्यावर ठरते. पंचांची बोट आधी पाण्यात थांबून होकायंत्रावर वाऱ्याची दिशा पुन्हा पुन्हा नोंदवते आणि सरासरी काढते. भंडारदऱ्यासारख्या डोंगरांनी वेढलेल्या पाण्यात हे काम जास्त किचकट, कारण खिंडीतून येणारा वारा सारखा दिशा बदलतो.

त्यानंतर साधारण असा क्रम असतो :

१. पंचांची बोट नांगर टाकते.
२. तिथून वारा येतो त्या दिशेला वरचा मार्क टाकतात.
३. परतीच्या वळणासाठी खालचा मार्क किंवा दोन मार्कांचं फाटक लावतात.
४. सुरुवातीच्या रेषेच्या दुसऱ्या टोकाचा मार्क शेवटी, वारा पुन्हा तपासून टाकतात.

रेषा तिरकी झाली तर?

सुरुवातीची रेषा वाऱ्याला काटकोनात लागते. तिची लांबी साधारणपणे सगळ्या होड्यांच्या एकूण लांबीच्या सव्वा ते दीडपट ठेवतात. मुलांची ऑप्टिमिस्ट होडी सुमारे २.३ मीटरची असते. म्हणजे २० होड्यांना ६० ते ७० मीटर रेषा पुरते.

६० मीटरची रेषा १० अंशांनी तिरकी झाली, तर एका टोकाच्या होडीला सुमारे १० मीटरचा फायदा मिळतो. म्हणजे चार होड्यांचं अंतर भोंगा वाजायच्या आधीच पडलं! मग सगळ्यांची त्याच टोकाला झुंबड उडते आणि होड्या एकमेकींवर आदळतात.

दोराचा हिशेब

धरणात खरी अडचण पाण्याच्या पातळीची. समजा, पाणी १२ मीटर खोल आहे आणि दोर १५ मीटर सोडला. मार्क आपल्या जागेपासून ९ मीटरपर्यंत सरकू शकतो. आवर्तन सुटून पातळी ३ मीटरने उतरली, की तोच मार्क १२ मीटरपर्यंत भरकटतो. पावसाळ्यात उलटं होतं. आवक वाढून खोली दोरापेक्षा जास्त झाली, तर मार्क पाण्याखाली ओढला जातो किंवा वजन उचलून वाहून जातो. म्हणून मार्क बरेच दिवस ठेवायचा असेल, तर दोराची लांबी पातळीप्रमाणे बदलत राहावी लागते.

मधेच वारा फिरला तर?

पुढच्या टप्प्याचा मार्क हलवता येतो. मात्र होड्या त्या टप्प्यावर निघण्याआधी ‘सी’ निशाण दाखवून भोंगे द्यावे लागतात. मार्क जागेवरून गेलाच, तर शक्य असल्यास तो परत लावतात. नाहीतर ‘एम’ निशाण लावलेली बोट त्या जागी उभी करतात.

मच्छीमारांना विचारूनच

जाळी कुठे लावली आहेत, जुनी झाडं आणि बांध कुठे बुडाले आहेत, हे रोज पाण्यात जाणाऱ्या मच्छीमारांना ठाऊक असतं. त्यांना विचारल्याशिवाय वजन सोडू नये. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं आणि मदतीची मोटरबोट तयार हवी. शर्यत संपली की मार्क, दोर, वजन सगळं बाहेर काढायचं. मागे राहिलेला दोर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी जाळ्यात नाहीतर इंजिनाच्या पंख्यात अडकतो.