आमवातातील श्रवणऱ्हास

आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) झालेल्या व्यक्तीला कमी ऐकू येऊ लागणे. आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. हातापायांचे लहान सांधे सुजतात, सकाळी बोटे बराच वेळ आखडलेली राहतात. स्त्रियांत हा रोग पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. पुणे जिल्ह्यातील भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या पाहणीत प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के आढळले. या रुग्णांत श्रवणऱ्हास इतरांपेक्षा अधिक दिसतो.

कारणे : मध्यकर्णातील हातोडी, ऐरण आणि रिकीब या हाडांमधले सांधेही बोटांच्या सांध्यांसारखेच अस्तर असलेले असतात. ते आखडले किंवा सैल झाले की ध्वनी आत नीट पोचत नाही. त्याहून अधिक वेळा दोष आंतरकर्णात असतो. रक्तवाहिन्यांचा दाह आणि प्रतिकारयंत्रणेची विकृती यांमुळे कर्णावर्तातील नाजूक पेशींना इजा होते, असे मानले जाते. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने कानात आवाज येतो व ऐकू कमी येते. औषध थांबवल्यावर बहुधा सुधारणा होते. आमवातावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधामुळे क्वचित कानाला अपाय होतो. वय आणि गोंगाट यांची त्यात भर पडते. जळगाव जिल्ह्यातील चोपड्यासारख्या कापूसपट्ट्यात जिनिंगमध्ये काम केलेल्यांना तिथल्या गोंगाटाबद्दल विचारलेच पाहिजे.

लक्षणे : बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज हरवतात. बोलणे कानावर पडते, पण शब्द उमगत नाहीत. बाजारात, लग्नघरात अधिक अडचण होते. सांधेदुखीपुढे कानाची तक्रार मागे पडते आणि ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून दिली जाते.

तपासणी व उपचार : ऑडिओमेट्रीने ऱ्हासाची पातळी डेसिबलमध्ये कळते, टिंपॅनोमेट्रीने मध्यकर्णाची स्थिती. चोपडा तालुक्यातील रुग्णांना जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे कान-नाक-घसा विभाग जवळचे आहेत. आमवात आटोक्यात ठेवणे हा उपचाराचा पाया होय. कानाच्या भीतीने औषधे स्वतःहून बंद करू नयेत. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण स्टेरॉइडचा उपयोग लवकर दिल्यासच अधिक होतो. गेलेले श्रवण परतले नाही तर श्रवणयंत्र लागते. वाकड्या बोटांना बारीक बॅटरी बदलता येत नाही, म्हणून चार्जिंगचे व मोठ्या बटणांचे यंत्र निवडावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा ऱ्हास असलेली व्यक्ती ‘ऐकू कमी येणारी’, तर ७० डेसिबलचा ऱ्हास असलेली ‘कर्णबधिर’ ठरते. त्या पातळीच्या कितीतरी आधी संवाद तुटू लागतो. म्हणून आमवाताचे निदान होताच एकदा ऑडिओमेट्री करून तिचा कागद सांभाळावा. पुढचा प्रत्येक बदल त्याच्याशी ताडून पाहता येतो.