दंडावरच्या लाल क्रॉसची कुळकथा

चार-पाच बोटे रुंद पांढरी पट्टी आणि मधोमध लाल क्रॉस. लष्करी वैद्यकीय सेवेतल्या माणसाच्या दंडावरची ही पट्टी संग्राहकाच्या हाती पडली की त्याची नजर आधी क्रॉसवर जाते. खरे तर ती शिक्क्यावर जायला हवी. का, ते या पट्टीच्या जन्मकथेत आहे.

२४ जून १८५९ रोजी इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली आणि हजारो जखमी उपचारांविना मैदानात पडून राहिले. स्विस व्यापारी हेन्री ड्यूनांट यांनी ते पाहिले आणि त्यावर पुस्तक लिहिले. त्यातून ऑक्टोबर १८६३ मध्ये जिनिव्हात परिषद भरली. शुश्रूषा करणाऱ्यांनी दंडाला पांढरी पट्टी बांधावी, अशी सूचना डॉ. लुई अप्पिया यांनी केली. चर्चेनंतर तिच्यावर लाल क्रॉस आला. २२ ऑगस्ट १८६४ च्या जिनिव्हा कराराने ही पट्टी देण्याचा अधिकार लष्कराकडे सोपवला. १९०६ च्या कराराने ती डाव्या दंडावर असावी आणि तिच्यावर लष्करी अधिकाऱ्यांचा शिक्का असावा, असे ठरवले. १९४९ मध्ये ती पाण्याने खराब न होणारी असावी, ही अटही आली. म्हणजे ही पट्टी हे एक परवानापत्र आहे, आणि परवान्याची किंमत शिक्क्यात असते.

भारतीयांच्या दंडावर ती लवकरच आली. १८९९ मध्ये बोअर युद्धात गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत सुमारे ११०० भारतीयांचे रुग्णसेवा पथक उभारले. त्या पथकाच्या छायाचित्रात या पट्ट्या दिसतात. नाशिककरांसाठी तर हा इतिहास दाराशीच आहे. पहिल्या महायुद्धात देवळालीच्या छावणीत ३४ वे वेल्श जनरल हॉस्पिटल होते आणि मेसोपोटेमियाच्या आघाडीवरचे रुग्ण तिथे येत. देवळाली कॅम्प, भगूर, नाशिक रोड इथल्या जुन्या ट्रंकांमध्ये अशी पट्टी निघाली, तर नवल वाटू नये.

ओळखायची कशी? पट्टी उलटी करा. शाईचा शिक्का, ब्रिटिश लष्करी सामानावरचा बाणाचा छाप, साल किंवा कारखान्याचे नाव सापडते का ते भिंगातून पाहा. क्रॉस छापलेला आहे की वेगळे कापड लावून शिवलेला, बांधायला बंद आहेत, बटण की सेफ्टी पिन, याची नोंद करा. क्रॉसऐवजी ‘एस.बी.’ अक्षरे असली तर ती ब्रिटिश पलटणीच्या स्ट्रेचरवाहकाची पट्टी. तिला कराराचे संरक्षण नव्हते. काळ्या पट्टीवर आठ टोकांचा पांढरा क्रॉस असला तर ती सेंट जॉन अँब्युलन्सची.

मग अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च धरा. शिलाईचा दोरा निळसर पांढरा चमकला, तर संशय घ्या. कपडे जास्त पांढरे दिसावेत म्हणून वापरली जाणारी चमकद्रव्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाली. मात्र मूळ जुनी पट्टी कुणी अलीकडे पावडरीने धुतली असेल, तरी ती चमकते. म्हणून एकट्या टॉर्चवर निकाल देऊ नये. शिक्का, शिलाई आणि कापड यांची साक्ष एकत्र जुळली पाहिजे.

जतनाचा पहिला नियम एकच: धुऊ नका. पाणी लागले की लाल रंग पांढऱ्यात उतरू शकतो आणि शिक्क्याची शाई फुटू शकते. डागसुद्धा पुरावाच असतो. पिनेचा गंज कापड खातो, म्हणून पिन अलगद काढून त्याच पट्टीच्या नोंदीसह वेगळ्या पाकिटात ठेवा. घडी घालू नका. घडीवरच धागे तुटतात. आम्लरहित कागदात किंवा धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात पट्टी सपाट ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी, लॅमिनेशन आणि कापडाला टेकलेली डांबरगोळी टाळा. नाशिकच्या पावसाळ्यात दमट हवेने बुरशी आणि कसर दोन्ही येतात, तेव्हा त्या महिन्यांत पेटी अधूनमधून उघडून पाहा.

अशी पट्टी संग्रहात ठेवा, पण दंडाला बांधून मिरवू नका. १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने या चिन्हाचा विनापरवाना वापर भारतात गुन्हा आहे. आणि घरातल्या पट्टीसोबत पणजोबांचे ओळखपत्र, पगारपुस्तक किंवा छायाचित्र असेल, तर ते सारे एकत्रच ठेवा. ती कुणाची होती, कुठल्या दवाखान्यातली, हे घरातल्या थोरांना आजच विचारून पेन्सिलीने कागदावर लिहून ठेवा. तो कागद नसेल, तर पुढच्या पिढीला ती फक्त जुनी चिंधी वाटेल.